गेमिंगचा संगणक : तयार घ्यावा की जुळवून घ्यावा?

ग्रॅण्ट रोड स्थानकातून बाहेर पडून थोडे चालले, की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी संगणकाचे सुटे भाग घ्यायला येणारा मुंबईकर त्याला जुन्याच नावाने ओळखतो. परीक्षा आटोपल्या, की या रस्त्यावर एक दृश्य हमखास दिसते. मुलाच्या हातात सुट्या भागांची यादी, वडिलांच्या काखेत बॅग आणि दुकानदाराच्या हातात कॅल्क्युलेटर. अशाच एका दुकानात प्रस्तुत प्रतिनिधी उभा असताना मुलगा विचारत होता, ‘‘यावर एफपीएस किती मिळतील?’’ वडिलांनी बराच वेळ सगळे ऐकून घेतले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, ‘‘अहो, हा बंद पडला तर आणायचा कुणाकडे?’’ दुकानदार हसून म्हणाला, ‘‘काका, बंद पडणारच नाही!’’

सगळे हसले आणि विषय तिथेच संपला. वास्तविक, तो तिथून सुरू व्हायला हवा होता.

पंचवीस वर्षांपूर्वी मध्यमवर्गीय मराठी घरात पहिला संगणक आला, तेव्हाही ‘ब्रॅण्डेड घेऊ की असेम्बल्ड?’ हा प्रश्न होताच. त्या वेळी उत्तर सोपे होते. ब्रॅण्डेड महाग, असेम्बल्ड स्वस्त. आता हे समीकरण तेवढे सरळ राहिलेले नाही. शिवाय रक्कमही लहान नाही. बऱ्यापैकी गेमिंग संगणक मॉनिटरसह सहज लाखाच्या घरात जातो. दुचाकी घेताना सर्व्हिसिंग कुठे, विमा किती, याची चौकशी करणारे आपण संगणक घेताना मात्र दोन आकड्यांची तुलना करून मोकळे होतो. या निर्णयात किमतीइतकेच जबाबदारीलाही महत्त्व आहे, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

आत असते काय?

संगणक जुळवता येतो, याचे श्रेय एका जुन्या निर्णयाला जाते. १९८१मध्ये आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला, तो मुख्यत्वे इतर कंपन्यांकडे तयार मिळणाऱ्या भागांतून. त्याचा तांत्रिक तपशीलही कंपनीने खुला ठेवला. त्यामुळे इतरांना त्याला चालतील असे भाग बनवता आले. पुढे १९९५मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हा आराखडा मांडला आणि मदरबोर्डचा आकार, स्क्रूची भोके, वीजपुरवठ्याच्या जोडण्या यांना एक सर्वमान्य माप मिळाले. एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये आज बसतो, तो यामुळेच.

गेमिंगच्या संगणकातही भाग तेच असतात. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवणुकीसाठी एसएसडी, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस, पंखे आणि कॅबिनेट. फरक पडतो तो ग्राफिक्स कार्डामुळे. खेळातील प्रत्येक चित्र तयार करण्याचे काम हे कार्ड करते. दर सेकंदाला अशी किती चित्रे तयार होतात, तो आकडा म्हणजे ‘एफपीएस’. मॉनिटर सोडला, तर एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा एकट्या या कार्डावर जातो. त्यामुळे यादीची सुरुवात प्रोसेसरपासून न करता खेळ आणि मॉनिटर यांपासून करावी. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’सारख्या खेळांना बेताचे कार्डही पुरते. ‘सायबरपंक २०७७’सारखा खेळ पूर्ण तपशिलात पाहायचा असेल, तर खर्च कितीतरी वाढतो. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचाच असेल, तर तो सेकंदाला साठ चित्रेच दाखवू शकतो. संगणकाने दोनशे तयार केली, तरी बाकीची डोळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत.

स्वस्त काय?

असेम्बल्ड संगणक पूर्वी स्वस्त पडे, त्यामागे दोन कारणे होती. कंपनीचा नफा, जाहिरात आणि विक्रीसाखळी यांचा खर्च त्यात नसे, हे पहिले कारण. दुसरे कारण उघडपणे बोलले जात नसे. बहुतेक असेम्बल्ड संगणकांत विंडोजची प्रत विनापरवाना असे. ब्रॅण्डेडच्या किमतीत परवाना धरलेला आणि असेम्बल्डच्या किमतीत नाही, अशी ती असमान तुलना होती. आजही अनेक कोटेशनमध्ये ही ओळ कोरीच असते.

त्यातच गेल्या काही वर्षांत हे गणित दोनदा विस्कटले. करोनाच्या साथीत, २०२० ते २०२२ या काळात, चिपचा जगभर तुटवडा पडला. घरी बसलेल्यांची मागणी वाढली आणि ‘इथेरियम’सारख्या आभासी चलनाची निर्मिती करणाऱ्यांनीही ग्राफिक्स कार्डे मोठ्या प्रमाणावर उचलली. सुटे कार्ड छापील किमतीच्या दुपटीने घेण्याची वेळ अनेकांवर आली. मोठ्या कंपन्यांना मात्र घाऊक करारांमुळे कार्डे मिळत होती. परिणामी कित्येकदा तयार संगणक आतील भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू लागला. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, त्यासाठी कार्डांची गरज उरली नाही आणि बाजार सैलावला.

दुसरा धक्का रॅमचा. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांना प्रचंड प्रमाणात मेमरी लागते. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादन तिकडे वळवले आणि २०२५च्या अखेरीस सुट्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्याही पुढे गेले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रूशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली. अशा वेळी जुन्या भावाच्या साठ्यातून बनलेला तयार संगणक काही काळ स्वस्त राहतो आणि नंतर तोही महागतो.

तात्पर्य, ‘जुळवलेला स्वस्तच’ हा नियम आता पाठ करून ठेवण्याजोगा नाही. दोन्हींचे भाव एकाच दिवशी, सारख्याच भागांचे घ्यावेत. त्यात विंडोजचा परवाना, कीबोर्ड, माउस, वाय-फाय, जुळवणीची मजुरी आणि जीएसटी हे सारे धरावे. दोहोंतील फरक पाच-सात टक्क्यांच्या आत असेल, तर किमतीचा मुद्दा बाजूला ठेवावा. तेवढा फरक पुढे एका दुरुस्तीत भरून निघतो.

तयार संगणकात काय तपासावे?

तयार संगणकाच्या खोक्यावर दोनच गोष्टी ठळक असतात, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. काटकसर होते ती न छापलेल्या भागांत. १६ जीबी रॅम म्हणजे ८ जीबीच्या दोन पट्ट्या की १६ जीबीची एकच, हे विचारावे. प्रोसेसर दोन पट्ट्यांकडून एकाच वेळी माहिती घेऊ शकतो, एकच पट्टी असली तर ही वाट निम्मी होते आणि खेळात त्याचा परिणाम जाणवतो. एसएमपीएस किती वॅटचा आणि कोणत्या दर्जाचा, हेही विचारावे. दर्शनी भाग काचेने पूर्ण बंद असेल, तर हवा आत येणार कुठून, हेही पाहावे.

दुसरा मुद्दा पुढच्या काळाचा. काही मोठ्या कंपन्या आपल्या संगणकांत वेगळ्याच आकाराचे मदरबोर्ड आणि वेगळ्याच जोडणीचे एसएमपीएस वापरतात. चार वर्षांनी नवे कार्ड घ्यायचे ठरले, तर जुना एसएमपीएस पुरत नाही आणि बाजारातला बसत नाही. म्हणजे संपूर्ण संगणकच बदलावा लागतो. ‘यातले भाग प्रमाणित मापाचे आहेत का?’ हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारला, तर पुढची ही अडचण टळते.

‘त्यापेक्षा लॅपटॉपच घेऊ’ असा सूर अनेक घरांत निघतो. जागेची अडचण किंवा वसतिगृहाचे वास्तव्य असेल, तर तो योग्यही आहे. मात्र लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिपचे नाव डेस्कटॉपच्या कार्डासारखे असले, तरी ताकद सारखी नसते. तिला मिळणारी वीज कमी असते आणि उष्णता बाहेर टाकायला जागा कमी. शिवाय ती चिप पुढे बदलताही येत नाही.

जुळवताना काय चुकते?

जुळवण्याचे काम अवघड नाही. स्क्रू-ड्रायव्हर, मोकळे टेबल आणि एक निवांत दुपार एवढ्यावर ते होते. चूक होते ती बहुधा भाग निवडताना. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचा सॉकेट एकच हवा. डीडीआर-५ रॅम डीडीआर-४च्या मदरबोर्डवर बसत नाही. प्रोसेसर नवा आणि मदरबोर्ड दुकानात वर्षभर पडून असलेला, तर त्यातील बायोस आधी अद्ययावत करावा लागतो. आजची कार्डे लांबीने एवढी वाढली आहेत, की कॅबिनेटच्या मापाशी ताळा न केल्यास झाकण लागत नाही.

यादी घेऊन दुकानात गेल्यावर खरी परीक्षा सुरू होते. ‘हा नाही, हा घ्या, सेमच आहे’ हे वाक्य किमान एकदा कानावर पडतेच. पुष्कळदा ते खरेही असते. पण बदल एसएमपीएसचा असेल, तर ठाम नकार द्यावा. बजेट कमी पडले, की सर्वांत आधी कात्री लागते ती याच भागाला. कारण त्याने एफपीएस वाढत नाहीत. निकृष्ट एसएमपीएस बिघडताना सोबत मदरबोर्ड किंवा कार्डही घेऊन जाऊ शकतो. ‘८० प्लस’ची खूण वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगते, आतील घटक टिकाऊ आहेत, याची ती हमी नव्हे. म्हणून खुणेबरोबर वॉरंटीची वर्षेही पाहावीत.

प्रोसेसर बसवताना थोडा धीर धरावा. आजच्या बहुतेक मदरबोर्डांत केसासारख्या बारीक पिना सॉकेटमध्येच असतात. त्यातली एक वाकली, तरी मदरबोर्ड निकामी होऊ शकतो आणि असे नुकसान वॉरंटीत बसत नाही. इथे चूक जुळवणाऱ्याची धरली जाते.

जबाबदारी कुणाची?

यासंदर्भात प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरचाच अनुभव सांगण्यासारखा आहे. धाकट्या भावाने मोठ्या हौसेने संगणक जुळवला. जिथे जो भाग स्वस्त, तिथून तो, असे तीन दुकानांतून भाग आणले. आठ महिने सारे सुरळीत चालले. पुढे ऐन पावसाळ्यात खेळता खेळता पडदा अचानक काळा पडू लागला. कार्ड विकणाऱ्याने एसएमपीएसकडे बोट दाखवले, एसएमपीएस विकणाऱ्याने मदरबोर्डकडे. कार्ड सेवा केंद्रात जमा केले. तीन आठवड्यांनी ते ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह परत आले. अखेर एका मित्राचा एसएमपीएस लावून पाहिला, तेव्हा दोष सापडला. कंपनीने तो विनामूल्य बदलूनही दिला. मात्र मधला दीड महिना संगणक टेबलावर उघडा पडून होता आणि आई रोज त्यावरची धूळ झटकत होती.

या प्रकरणात कुणीही फसवणूक केली नाही. आपल्याला जेवढे दिसले, तेवढे प्रत्येकाने सांगितले. संपूर्ण यंत्राची जबाबदारी मात्र यांपैकी कुणावरच नव्हती. ती भावाची होती आणि खरेदीच्या दिवशी ते त्याला ठाऊक नव्हते.

तयार आणि जुळवलेल्या संगणकांतील मुख्य भेद हाच आहे. तयार संगणक घेताना आपण वाढीव पैसे देतो, ते ‘दोष कुठे आहे ते तुम्हीच शोधा’ असे म्हणण्याच्या अधिकारासाठी. एकच बिल, एकच दूरध्वनी क्रमांक आणि अनेकदा घरी येणारा तंत्रज्ञ. जुळवणारा हे काम स्वतःकडे घेतो. घरात सुटे भाग बदलून पाहण्याची सोय असेल, तसे मित्र असतील आणि मुख्य म्हणजे तेवढा वेळ असेल, तर हे ओझे वाटत नाही. त्यातून होणारे शिक्षणही मोलाचे असते. पण त्याच संगणकावर आईचे कार्यालयीन काम आणि बहिणीचे ऑनलाइन वर्ग चालणार असतील, तर दीड महिन्याचा खंड परवडणार आहे का, याचा विचार आधीच व्हायला हवा.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तयार संगणकाची वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते, ती वाढवायची तर जादा पैसे मोजावे लागतात. सुट्या भागांची वॉरंटी मात्र लांब असते. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि कार्ड यांना सर्वसाधारणपणे तीन वर्षे, एसएसडीला तीन ते पाच, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा वर्षे. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कार्ड गेले, तर जुळवलेल्या संगणकाचा मालक अधिक सुरक्षित असतो. मात्र त्यासाठी प्रत्येक भागाचे पक्के बिल हवे आणि त्यावर अनुक्रमांक हवा. बिलाशिवाय पाचशे-हजार वाचवणे किंवा परदेशातून परस्पर आलेला माल घेणे, म्हणजे ही सुरक्षितता स्वतःहून सोडून देणे होय. भाग हातात पडताच कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का, ते पाहून घ्यावे. सेवा नाकारली गेली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथेही पहिली विचारणा होते ती बिलाचीच.

मधला मार्ग

आपल्याकडे ‘असेम्बल्ड’ म्हणून ओळखला जातो, तो बहुतेक वेळा स्वतः जुळवलेला नसतोच. भाग आपण निवडायचे आणि जुळवणी दुकानदाराने करायची, असा हा मधला मार्ग आहे. अनेक कुटुंबांसाठी तोच सोयीचा ठरतो, पण तीन अटींवर. पहिली, सर्व भाग एकाच दुकानातून घ्यावेत. दोन-तीन हजार जास्त गेले, तरी चालतील. दुसरी, संगणक किमान तासभर पूर्ण ताण देऊन आपल्यासमोर चालवून दाखवावा आणि तापमान किती चढते, ते पाहावे. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. वर्षभरात बिघाड झाल्यास दोष शोधणे आणि भाग कंपनीकडे पाठवणे, हे काम दुकानाचे राहील, असे बिलावर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन देणारा विक्रेता सहा महिन्यांनी त्या दुकानात असेलच, असे नाही.

वीज, धूळ आणि दमट हवा

कोणताही पर्याय निवडला, तरी काही खर्च टळत नाहीत. गेमिंगच्या वेळी संगणक साधारण ४०० वॅट वीज घेतो, असे धरले, तर रोज चार तासांच्या खेळाला १.६ युनिट म्हणजे महिन्याला ४८ युनिट होतात. ही सर्व वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. मे महिन्यात बंद खोलीत हे ठळकपणे जाणवते. वीज वारंवार जाणाऱ्या भागात यूपीएस अनिवार्य समजावा, मात्र साठ-सत्तर वॅटच्या जुन्या कार्यालयीन संगणकाला पुरणारा यूपीएस इथे उपयोगाचा नाही. चांगल्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची ओबडधोबड वीजलहर नेहमीच मानवते, असेही नाही. म्हणून ‘शुद्ध साइन वेव्ह’ देणारा यूपीएस घेणे श्रेयस्कर. घरातील अर्थिंग तपासून घ्यावे. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत धातूच्या जोडण्या लवकर गंजतात. म्हणून संगणक भिंतीला आणि खिडकीला चिकटवून ठेवू नये आणि जाळीवरची धूळ दर दोन महिन्यांनी काढावी.

जुन्याच संगणकात नवे कार्ड टाकण्याचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा व्यवस्था लागते आणि अनेक जुन्या संगणकांत ती नसते. ‘व्हॅलोरंट’सारखा खेळही विंडोज ११वर तिच्याशिवाय चालत नाही. अशा संगणकावर महागडे कार्ड चढवणे शहाणपणाचे नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

तयार संगणक घ्यावा, तो ज्याला यंत्राच्या आत डोकवायची इच्छा नाही, ज्याच्या घरात संगणक एकच आहे आणि तो एक दिवसही बंद राहून चालणार नाही, अशाने. मात्र आतील भाग प्रमाणित मापाचे आहेत, याची खात्री करून. स्वतः जुळवावा, तो ज्याला शिकण्याची हौस आहे, बिघाड शोधण्याचा धीर आहे आणि दर तीन-चार वर्षांनी एकेक भाग बदलत तोच संगणक पुढे न्यायचा आहे, अशाने. उरलेल्या बहुसंख्यांसाठी एकाच विश्वासू दुकानातून जुळवून घेण्याचा पर्याय आहे.

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या वडिलांना एफपीएस म्हणजे काय, हे बहुधा ठाऊक नसावे. पण सर्वांत नेमका प्रश्न त्यांनीच विचारला होता. ‘बंद पडला तर आणायचा कुणाकडे?’ तयार संगणकाबाबत त्याचे उत्तर कंपनी देते, स्वतः जुळवलेल्याबाबत ते आपल्याला द्यावे लागते आणि दुकानातून जुळवून घेतलेल्याबाबत ते बिलावर लिहून घ्यावे लागते. यातले उत्तर मिळेपर्यंत आगाऊ रक्कम खिशातून काढू नये, हेच उत्तम.